नाताळपर्यंतचे चोवीस दिवस आणि मुलांचा धीर (वडोदरा)

मांडवीवाली
दिवाळीचा किल्ला मोडला की मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला: नाताळ कधी? एक मूल चार वर्षांचं, एक आठ वर्षांचं. रोज एक खिडकी उघडून आतलं चॉकलेट खायचं अशी चोवीस खिडक्यांची तयार कॅलेंडरं ऑनलाइन मिळतात, पण महाग आहेत, आणि मुलं दोन दिवसांत सगळ्या खिडक्या फोडून मोकळी होतात हे सर्वांना ठाऊक आहे. वडोदऱ्यात मिळणाऱ्या सामानात घरी काय करता येईल? आणि ख्रिस्ती घरांत हे दिवस नेमके कसे पाळतात? आमच्याकडे नाताळ म्हणजे केक आणि फतेगंजच्या चर्चची रोषणाई, त्यापुढे माहिती नाही. आडाखे नकोत, मापं आणि कृती लिहा.

गव्हाणी
आधी तारखा, कारण इथेच घोळ होतो. चर्चचा आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचा काळ, दरवर्षी १ डिसेंबरलाच सुरू होतो असं नाही. नाताळच्या आधीचे चार रविवार मोजायचे. त्यातला पहिला २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये कुठेही येतो. २०२६ मध्ये तो २९ नोव्हेंबरला आहे. २०२८ मध्ये नाताळ सोमवारी येतो, म्हणून पहिला रविवार थेट ३ डिसेंबरला. त्यामुळे हा काळ कधी २२ दिवसांचा, कधी २८. चोवीस खिडक्या ही छापणाऱ्यांची सोय. १ ते २४ डिसेंबर धरलं की तेच कॅलेंडर दरवर्षी विकता येतं.

घरात पाळायची मुख्य गोष्ट म्हणजे चार मेणबत्त्यांचं कडं. पहिल्या रविवारी एक पेटवायची, दुसऱ्या रविवारी दोन, असं चौथ्यापर्यंत. कॅथलिक घरांत तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारची. प्रॉटेस्टंट घरांत बऱ्याचदा चारही लाल किंवा पांढऱ्या. काही जण मधोमध पाचवी पांढरी ठेवतात, ती २४ च्या रात्री किंवा २५ ला पेटते.

हे कडं सुरू झालं तेच मुलांच्या घाईमुळे, असं सांगतात. योहान हिनरिख विखर्न नावाचे पाळक हॅम्बुर्गजवळ गरीब मुलांसाठी आश्रम चालवत. नाताळ कधी, नाताळ कधी म्हणून मुलं भंडावून सोडायची. १८३९ साली त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर रविवारांसाठी ४ मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांसाठी २० लहान लाल मेणबत्त्या लावल्या. त्या वर्षी १ डिसेंबरलाच रविवार होता, म्हणून बेरीज बरोबर २४.

आता कृती. आपल्याकडे फर किंवा पाइनच्या फांद्या नाहीत. आसोपालव वापरू नका, चार-पाच दिवसांत तपकिरी होऊन गळतो. मोरपंखी किंवा सुरूच्या डहाळ्या घ्या. खंडेराव मार्केटच्या फुलवाल्यांकडे आदल्या दिवशी सांगून ठेवा. ३० ते ३५ सेंटिमीटरची लोखंडी किंवा पितळी परात, त्यात ५ सेंटिमीटर ओली वाळू. मेणबत्ती निदान २ सेंटिमीटर जाड आणि २० सेंटिमीटर उंच. ती ४ सेंटिमीटर आत रोवा. डहाळ्या कडेने वाळूतच खोचा आणि एक दिवसाआड वाटीभर पाणी शिंपडा. तरी दोन आठवड्यांत त्या सुकतात. तिसऱ्या रविवारच्या आधी बदलाच, कारण सुकी मोरपंखी ठिणगीला भरकन पेटते.

थर्मोकोलचं कडं आणि चकचकीत झालर ज्योतीजवळ अजिबात नको. जांभळ्या मेणबत्त्या मिळाल्या नाहीत तर पांढऱ्यांना रंगीत कागद गुंडाळू नका. रंगीत फीत परातीच्या काठाला बाहेरून बांधा. रविवारी जेवताना १५-२० मिनिटं पेटवली की पुरे. शेवटी चार मेणबत्त्या चार उंचीच्या दिसतात, आणि किती रविवार सरले हे चार वर्षांच्या मुलालाही न मोजता कळतं.

कात्री_डिंक
चोवीस कप्प्यांचं कॅलेंडर काडेपेट्यांचं करा. एकाच छापाच्या २४ रिकाम्या पेट्या घ्या, वेगवेगळ्या छापांची मापं एक-दोन मिलिमीटरने चुकतात आणि भिंत वाकडी होते. सहा-सहाच्या चार उभ्या रांगा.

फेविकॉलचा पातळ हात फक्त वरच्या आणि खालच्या सपाट बाजूला फिरवा. जाड लावला तर तो दाबाने बाहेर येऊन खण कायमचा चिकटतो. वाळताना खण आतच ठेवा. रिकामं टरफल वजनाखाली चेपतं आणि मग खण शिरतच नाही. पहिला तासभर दर पंधरा मिनिटांनी प्रत्येक खण थोडा ओढून परत ढकला. वर एखादं पुस्तक, त्याहून जास्त वजन नको. चारही रांगा वेगवेगळ्या पूर्ण वाळल्या की मग एकमेकींना जोडा. घासायच्या बाजूवर लाल फॉस्फरस असतो, लहान मुलं बोटं तोंडात घालतात, म्हणून बाहेरून जाड कागद चिकटवाच. खणाला ओढायला मणी: सुईने दोरा आरपार, आतून गाठ, गाठीवर फेविकॉलचा थेंब.

पेटीचा वेळ नसेल तर पाकिटं. ए-फोरचे १२ कागद मध्ये कापले की २४ तुकडे. दुमडून, दोन कडा चिकटवून साधारण १० बाय १४ सेंटिमीटरची पाकिटं होतात. प्रत्येकाला १२ सेंटिमीटर जागा धरली तर तीन मीटर सुतळी, म्हणजे दीड-दीड मीटरच्या दोन ओळी. कपड्यांचे लहान लाकडी चिमटे लावा. पंख्याच्या झोतात बांधू नका.

काडेपेटीत मावतं काय? एक चिठ्ठी, फार तर दोन बेदाणे. हाच तिचा गुण.

बालवाडीताई
मुलांना थांबवता येतं, पण "धीर धर" म्हणून नाही. दोन गोष्टी सांभाळा: मोजणी डोळ्यांसमोर, खाऊ नजरेआड. तयार चॉकलेट कॅलेंडर नेमकं उलटं करतं, मोजणी आणि खाऊ एकाच खिडकीत ठेवतं.

स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी १९७० च्या सुमारास लहान मुलांवर प्रयोग केले. आत्ता थोडा खाऊ घे, किंवा थांबलास तर नंतर जास्त किंवा आवडीचा मिळेल. खाऊ समोर उघडा असला की मुलं लवकर हार मानत. झाकलेला असला की बरीच जास्त थांबत. या प्रयोगावरून पुढे "थांबणारं मूल आयुष्यात यशस्वी" असा निष्कर्ष फार ताणला गेला. २०१८ मध्ये मोठ्या गटावर पुन्हा तपासलं तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तो संबंध पुष्कळ फिका पडला. तेव्हा मुलाने पाचव्या दिवशी खिडकी फोडली म्हणून त्याचं भविष्य बघायला जाऊ नका.

तुमच्या कामाचा प्रयोग वेगळा आहे: रॉचेस्टर विद्यापीठ, २०१३. आधी मोठ्या माणसाने मुलांना चांगलं चित्रकलेचं सामान आणून देतो असा शब्द दिला. काहींना ते आणून दिलं, काहींना "संपलं" म्हणून सांगितलं. मग सगळ्यांना तोच खाऊ थांबून घ्यायचा खेळ. शब्द पाळला गेलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, बाकीची ३ मिनिटं. म्हणजे चिठ्ठीत "आज संध्याकाळी कमाटीबाग" लिहिलं आणि ऑफिसातून यायला उशीर झाला, तर फक्त बाग चुकत नाही, पुढचे सगळे खण कच्चे होतात.

म्हणून चोवीस चिठ्ठ्या एकदम लिहून ठेवू नका. आठवड्याच्या सात, शनिवारी रात्री, पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक बघून. मधल्या वारांना पाच-दहा मिनिटांचीच कामं: गच्चीवरून चंद्र कसा दिसतो ते बघून कागदावर काढणे, आजीला फोन करून तिच्या लहानपणीचा एक खेळ विचारणे, ताटलीत पेरलेल्या गव्हाला पाणी घालणे. बाहेर जायचं असेल ते फक्त रविवारी.

वयाचं म्हणाल तर चार वर्षांच्या मुलाला चोवीस हा आकडा म्हणता येतो, पण तेवढा काळ किती हे उमगत नाही. त्याला नऊ दिवसांचं द्या.

गव्हाणी
नऊ दिवसांना आधारही आहे. कॅथलिकांमध्ये १६ ते २४ डिसेंबर अशी नाताळची नोव्हेना असते, रोज एक प्रार्थना. नवरात्रात वाढलेल्या मुलांना नऊची मोजणी अंगवळणी असते.

मांडवीवाली
दोन मुलं, एक कॅलेंडर. रोज कोण उघडणार यावर महाभारत. आणि एखादा दिवस राहिला तर?

बालवाडीताई
मोठ्याला विषम तारखा, धाकट्याला सम. बारा-बारा होतात, पण २४ तारीख समात येते, तेव्हा शेवटचा खण दोघांनी मिळून उघडायचा हे पहिल्याच दिवशी ठरवून सांगा. धाकट्याचं नऊ दिवसांचं वेगळं असेल तर प्रश्नच मिटतो.

राहिलेला खण दुसऱ्या दिवशी उघडू द्या. पुढचा उघडायचा नाही. चोरून उघडला तर रागावू नका, आतली चिठ्ठी तशीच परत ठेवा. कळलेली गोष्ट त्या तारखेलाच होते, आधी होत नाही, एवढं दिसलं की चोरीतली गंमत जाते. आणि कृपा करून "मस्ती केलीस तर उद्याचा खण नाही" म्हणू नका. तारीख ही शिक्षा म्हणून काढून घ्यायची वस्तू नाही.

शंकासुर
एवढं सगळं म्हणजे घरातल्या बाईला चोवीस दिवसांचा गृहपाठ. छापील कॅलेंडरांच्या आधी जर्मनीत लोक दारावर खडूने चोवीस रेघा मारत आणि मुलं रोज एक पुसत. खर्च शून्य. फ्लॅटच्या रंगवलेल्या दाराला काळा चार्टपेपर चिकटवा, रेघा मारा, ओलं फडकं नको, कोरड्या कापडाने पुसा. चिठ्ठ्या, मणी, पाकिटं, काही लागत नाही.

बालवाडीताई
शंकासुरांशी सहमत, आणि हे मी क्वचितच लिहिते. फक्त रविवारच्या चार रेघा लांब मारा, नाहीतर मधले दिवस सगळे सारखे दिसतात.

सुगरण_रावपुरा
आता खाण्याचं. नाताळच्या केकची फळं महिनाभर रममध्ये भिजवायची असं सगळीकडे लिहिलेलं असतं. गुजरातेत दारूबंदी, तेव्हा रस. पण रसाला रमचा नियम लावायचा नाही, घोटाळा तिथेच होतो. दारूत फळं टिकतात; संत्र्याच्या रसात बाहेर ठेवली की दोन-तीन दिवसांत आंबतात, बुडबुडे येतात, घट्ट झाकण उडतं.

काळे मनुके २०० ग्रॅम, बेदाणे १००, बिया काढलेला खजूर १००, टुटीफ्रुटी ५०, साखरेत मुरवलेली संत्र्याची साल ५०. यावर गाळलेला संत्र्याचा रस २५० मिलिलिटर. मंद आचेवर पाच मिनिटं उकळा, पूर्ण गार करा, कोरड्या काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये. पाच दिवस पुष्कळ झाले. रोज एकदा स्वच्छ कोरड्या चमच्याने खालवर करायचं, हे आठ वर्षांच्या मुलाचं काम. फळं फुगताना, रस आटताना त्याला दिसतो.

मैदा २०० ग्रॅम, लोणी १५०, ब्राउन शुगर १५०, अंडी ३, बेकिंग पावडर १ छोटा चमचा, दालचिनी-जायफळ-लवंग पूड मिळून १ छोटा चमचा. लोणी आणि साखर फेटून हलकं करा, अंडी एकेक घाला, मग चाळलेलं कोरडं. फळं चाळणीवर निथळून, मोजलेल्या मैद्यातलाच दोन मोठे चमचे मैदा त्यांना चोळा आणि शेवटी मिसळा. निथळली नाहीत तर तळाशी बसतात आणि केक खाली चिकट, वर कोरडा होतो. २० सेंटिमीटरचं भांडं, दुहेरी कागद, १५० अंशांवर सव्वा ते दीड तास. वरून लवकर लाल झाला तर फॉइलने झाका, आच वाढवून वेळ वाचवू नका.

हा केक बाहेर चार-पाच दिवस, फ्रिजमध्ये दोन आठवडे टिकतो. तेव्हा फळं १६ ला भिजवा, केक २१ किंवा २२ ला भाजा. डिसेंबरच्या सुरुवातीला करून मुलांच्या नाकासमोर तीन आठवडे ठेवणं हा छळ आहे, आणि तो टिकणारही नाही.

मांडवीवाली
अंडं चालत नसेल तर?

सुगरण_रावपुरा
तीन अंड्यांऐवजी १८० ग्रॅम घट्ट, आंबट नसलेलं दही आणि अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा. केक थोडा भुसभुशीत होतो, सुरीने पातळ काप निघत नाहीत. दुसऱ्या दिवशी कापा.

मुलांच्या हाताला खरं काम कलकलचं, म्हणजे नाताळच्या तळलेल्या गोड वळ्यांचं. मैदा ५०० ग्रॅम, पिठीसाखर १००, चिमूटभर मीठ, गरम तूप ५० ग्रॅम, आणि घट्ट नारळाचं दूध लागेल तसं, साधारण २०० मिलिलिटर. पुरीपेक्षा किंचित सैल मळा, अर्धा तास ओल्या कापडाखाली. गोटीएवढा गोळा काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या फणीवर दाबून पसरवायचा आणि एका टोकाकडून गुंडाळायचा. जाड राहिला तर बाहेरून लाल, आत कच्चा. पिठात साखर असल्याने आच मध्यमहून कमी. तळण मोठ्यांनीच करायचं. लहान मुलं वीस मिनिटं नीट वळतात, मग गोळे एकमेकांना मारू लागतात. तोवरच काम घ्या.

पूर्ण गार करून घट्ट डब्यात दोन-तीन आठवडे राहतात. डबा पत्र्याचा, काचेचा नाही. कारण वर बालवाडीताईंनी दिलंच आहे.

अळीव_आणि_गहू
युरोपात क्रोएशिया, हंगेरीकडे १३ डिसेंबरला, संत लुसियाच्या दिवशी, ताटलीत गहू पेरतात. नाताळला हिरवा गुच्छ टेबलावर येतो. आपल्याला हे घटस्थापनेने शिकवलेलंच आहे. फरक हवेचा. नवरात्रातल्या उबेत नऊ दिवसांत जेवढी वाढ होते तेवढीला वडोदऱ्याच्या डिसेंबरात बारा दिवस धरा. म्हणजे १३ तारीख इथेही बरोबर बसते.

गहू दहा-बारा तास भिजवा, ओल्या कापडात एक दिवस बांधून मोड आणा. पसरट मातीच्या ताटलीत, तळाला भोक असलेल्या, दोन बोटं माती. वर गव्हाचा एकच थर दाटीने, त्यावर चिमटी-चिमटीने माती. पहिले दोन दिवस झाकून, मग उन्हात. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. भोक नसेल आणि पाणी साचलं तर पांढरी बुरशी येते आणि वास सुटतो.

इथल्या घरांत वर्षाचा गहू एरंडेल चोळून भरतात. त्या तेलामुळे दाण्यात पाणी हळू शिरतं. तोच वापरायचा तर कोमट पाण्यात दोनदा चोळून धुवा आणि भिजायला जास्त वेळ द्या. शेतीच्या दुकानातलं गुलाबी रंगाचं बियाणं मुलांच्या हातात देऊ नका, त्याला औषध लावलेलं असतं.

किल्ल्यावरचे अळीव नाताळच्या गोठ्यातल्या गव्हाणीपुढच्या कुरणालाही चालतात. ते भिजवू नका, बुळबुळीत होऊन गोळा होतो. ओल्या मातीवर कोरडेच भुरभुरवा, १८ तारखेला. गव्हाची उंची रोज पट्टीने मोजून कॅलेंडरच्या बाजूला लिहिली तर वेगळं कॅलेंडरही लागत नाही.

गव्हाणी
गोठ्याचं, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याचं, राहिलं होतं. संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावी नाताळच्या रात्री खरा बैल, खरं गाढव आणि गवताची गव्हाणी मांडली. घरोघरी गोठा मांडायच्या रीतीला तिथून जोर आला. किल्ला करणाऱ्या मुलांना हे काम सांगावं लागत नाही: पोत्याचा डोंगर, विटांचा आधार, तेच सामान.

पण सगळ्या मूर्ती एका दिवशी मांडू नका. पहिल्या रविवारी रिकामा गोठा. दुसऱ्याला बैल आणि गाढव. तिसऱ्याला मेंढपाळ, पण दूर, डोंगरावर. मरीया आणि योसेफ, येशूचे आईवडील, घराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणा पुस्तकांच्या कपाटावर, आणि रोज वीतभर पुढे. बाळ येशू २४ च्या रात्री. तोवर गव्हाणी रिकामी दिसलीच पाहिजे, बाळ आधी ठेवून वर रुमाल टाकणं चालत नाही. मुलं रुमाल उचलतात.

रिकाम्या गव्हाणीत रोज एक काडी पेंढ्याची, कुणासाठी गुपचूप काही केलं असेल तर. दोन मुलांना दोन गव्हाण्या दिल्या की काड्या मोजून भांडतात. एकच ठेवा, आणि कुठली काडी कुणाची ते विचारू नका. पेंढा बाजारात विकत घ्यायची गरज नाही, फळवाल्याच्या खोक्यात असतो. मेणबत्तीची परात त्यापासून हातभर लांब.

पतंगवाला
चांदणीसाठी: उत्तरायण जवळ आलेलं असतं, त्यामुळे पतंगाचा कागद आणि बांबूच्या कामट्या डिसेंबरात भरपूर. ६० सेंटिमीटरच्या १० कामट्या. पाच-पाचच्या दोन सपाट चांदण्या बांधा, एकीवर एक ठेवून पाचही टोकं बांधा, मग आतल्या पाच छेदांमध्ये १२ सेंटिमीटरचे आडवे तुकडे अडकवून पोट फुगवा. कागद खळीने, ओढून नाही; वाळताना तो स्वतःच ताणतो. आत ३ वॅटचा एलईडी. पिवळा तापणारा बल्ब नको.

मांडवीवाली
२५ नंतर हे सगळं लगेच उचलायचं का? दुसऱ्याच दिवशी मुलं रिकामी होतात.

गव्हाणी
उचलू नका. पूर्वेचे मागी लोक, म्हणजे बाळाला भेटायला निघालेले ज्ञानी, अजून वाटेत आहेत. त्यांना २५ ला घराच्या दारात उभं करा आणि रोज थोडं पुढे सरकवा. गोठ्यापाशी पोचतात ६ जानेवारीला. बारा दिवस, दारापासून गोठ्यापर्यंतचं अंतर बाराने भागा. पंधरा फूट असेल तर रोज सव्वा फूट. हे भागाकार आठ वर्षांच्या मुलाकडून करून घ्या. बाळ ठेवलं की मेंढपाळ डोंगरावरून खाली आणा, ते त्याच रात्री पोचले होते.

अळीव_आणि_गहू
गहू ६ जानेवारीपर्यंत टिकत नाही, पिवळा पडून आडवा होतो. २७-२८ ला गाईला घाला. टिकवायचाच असेल तर दुसरी ताटली २५ ला पेरा.

कात्री_डिंक
एक राहिलं: मुंग्या. खणात बेदाणा ठेवायचा असेल तर त्याच सकाळी ठेवा. आदल्या रात्री ठेवला तर सकाळी मुलांच्या आधी मुंग्या उघडतात.